नवाचा ताळा, अकराचा ताळा

महाडात सुहास साळवींना कुणी नुसतं साळवी म्हणत नाही. 'ताळेवाले साळवी' म्हणतात, आणि म्हणताना थोडं हसतात. हसणाऱ्यांत त्यांची बायको उज्वलाबाई पहिली. माणसाने टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं काढली, आधी खांबांवर चढून तारा ओढल्या, मग गुडघे बोलायला लागले तेव्हा आत टेबलावर बसून लाइनी तपासल्या. पण गावात ओळख राहिली ती एका खोडीची. कुठलाही आकडा समोर आला की त्याचा ताळा काढल्याशिवाय साळवींच्या घशाखाली घास उतरत नाही.

ताळा म्हणजे काही फार मोठी विद्या नव्हे. आकड्यातले सगळे अंक मिळवायचे, आलेल्या बेरजेतले पुन्हा मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत. आकडा कितीही लांबलचक असो, नवाने भागून जी बाकी उरेल ती अशी दोन मिनिटांत हाती लागते. तुडीलच्या शाळेत कमळाबाई मास्तरणींनी गुणाकार पडताळायला म्हणून हे चौथीत शिकवलं. बाकीची पोरं पाचवीत विसरली, साळवींनी जन्मभर सांभाळलं. त्यांच्या वहीत प्रत्येक फोन नंबरापुढे एक वर्तुळ असतं आणि वर्तुळात ताळा. घरात तर कायदाच होता: नंबर सांगायचा तो ताळ्यासकट सांगायचा. ऐकणाऱ्याने लिहून घ्यायचं, बेरीज करायची, आणि ताळा जुळला नाही तर नंबर पुन्हा विचारायचा. दुसऱ्यांच्या घरी पाहुण्याला चहा विचारतात, साळवींच्या घरी आधी ताळा विचारतात, असं उज्वलाबाई म्हणायच्या.

ताळ्याने त्यांना यशही पुष्कळ दिलं होतं. पुतण्याच्या लग्नपत्रिकेत छापखान्याने तीनाचा आठ केला, तो साळवींनी पत्रिका वाटायच्या आधी पकडला. एक्सचेंजमध्ये तर साहेब लोकही नंबर उतरवला की "साळवी, बघा जरा" म्हणायचे. अशाने माणूस डोक्यावर चढतो. साळवी चढले.

त्यांना खाली ओढायचा प्रयत्न एकदाच झाला, तोही घरातून. मुलगी मानसी बारा वर्षांची असताना वही घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, चौतीस आणि त्रेचाळीस, दोघांचा ताळा सातच की. अंकांनी जागा बदलल्या तर तुमच्या ताळ्याला पत्ताच लागत नाही." त्यावर उपायही तिनेच शोधून आणला होता. अकराचा ताळा. उजवीकडून सुरुवात करून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, परत मिळवायचा, परत वजा. येईल ती अकराने भागल्यावरची बाकी; उणे आली तर अकरा मिळवायचे, दहाच्या वर गेली तर अकरा वजा करायचे. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की ही बाकी बदलतेच बदलते. साळवींनी ऐकून घेतलं, आणि ताळ्याने आपल्याला कधी दगा दिलेला नाही, असं सांगून वही परत केली. पोर हट्टी. तेव्हापासून नंबर सांगितला की ती दोन्ही बाक्या सांगायची, नवाची आणि अकराची. साळवी पहिली लिहून घ्यायचे. दुसरी एका कानाने ऐकायचे आणि दुसऱ्याने सोडून द्यायचे.

मानसी आता खेडच्या बाजूला एका शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षीच्या जुलैमध्ये, चार दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती तेव्हा, शाळेला सुट्टी पडली म्हणून ती सकाळच्या जीपने महाडला यायला निघाली.

महाडात दोन दिवस वीज नव्हती. सावित्रीचं पाणी बाजारपेठेच्या पायऱ्यांना लागलं होतं, सगळ्यांचे मोबाइल मरून पडले होते, आणि अख्ख्या आळीत एकच फोन चालू होता, साळवींचा जुना, तारेचा, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवरचा. लोक ज्याला अडगळ म्हणायचे त्याच्यापाशी आता रांग लागत होती. फोन जुनाच, त्याला काचेचा पडदा नाही, कोण बोलतंय ते आवाजावरूनच ओळखायचं.

साडेअकराला तो वाजला. मानसी होती. आवाज तुटत होता. बोगद्याकडे गाड्यांची रांग लागली म्हणून ड्रायव्हरने कशेडीचा जुना घाट धरला, आणि घाटात पुढे दरड आली, मागेही आली, असं ती सांगत होती. दहा माणसं होती. जीप रस्त्यावर सोडून सगळे खालच्या धारेच्या वाडीत उतरले होते. वाडीत चिटपाखरू नाही, घरांना कड्या, पण एका घराची पडवी चांगली कोरडी आहे, तिथे बसलोय, काळजी करू नका. तिचा फोन भिजून गेला होता. हा ड्रायव्हर सयाजींचा. नंबर घ्या, म्हणाली.

साळवींनी पेन उचललं. तिने घाईत जोड्या करून नंबर सांगितला, ते एक्सचेंजच्या शिस्तीने प्रत्येक जोडी तोंडाने परत म्हणत गेले आणि लिहीत गेले. शेवटी ती म्हणाली, "ताळा पाच. आणि अकराचा तीन, बाबा." एवढ्यात लाइन तुटली.

साळवींनी बेरीज केली. पन्नास. पाच. ताळा जुळला. वर्तुळ काढून त्यात पाच लिहिले आणि उज्वलाबाईंना सांगितलं की पोरगी सुखरूप आहे, कोरड्यात बसली आहे. दरडीत अडकली तरी हिचं अकराचं काही सुटत नाही, असं थोडं चिडून पुटपुटलेही.

अर्ध्या तासाने चांगू आला. चांगू त्यांचा जुना माणूस. केबलसाठी चर खणायच्या कामावर दोघांनी पंधरा पावसाळे एकत्र काढले होते. मुंबईला मुलाला फोन करायचा, मी आवडीकडे महाडात पोचलो एवढं कळवायचं, म्हणून तो भिजत आला होता. आवडी त्याची लेक. साळवींनी त्याला टॉवेल दिला आणि बोलता बोलता सांगितलं की मानसी तुमच्याच वाडीत आहे, धारेच्या, वाडी रिकामी दिसली म्हणाली.

चांगूच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"रिकामी का हाय ते म्हायती हाय का तुमाला?" तो म्हणाला. "काल दुपारी पऱ्या आटला. वरून पाऊस कोसळतोय आणि पऱ्यात पानी नाय. आमी तासात वाडी सोडली."

पऱ्या म्हणजे डोंगरावरून वाडीच्या अंगाने उतरणारा ओढा. साळवींना आणखी काही सांगावं लागलं नाही. तळीये गाव दरडीखाली गेलेलं ज्या तालुक्याने पाहिलं, त्या तालुक्यात भर पावसात आटलेल्या ओढ्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. पाणी खाली येत नाही म्हणजे ते डोंगराच्या पोटात जातंय, आणि डोंगराचं पोट भरलं की तो बसतो. वाडीतली माणसं त्याला भिऊन पऱ्यापलीकडच्या कातळावरच्या शाळेत गेली होती, आणि त्यांनी सोडलेल्या पडवीत साळवींची एकुलती एक लेक कोरडी जागा मिळाली म्हणून समाधानाने बसली होती.

साळवी फोनपाशी स्टुलावर बसले आणि वहीतला नंबर फिरवला. घंटी वाजली. वाजत राहिली. कुणी उचलला नाही. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा.

इथे साळवींच्या ताळ्याने त्यांचा जो छळ केला तो शत्रूनेही केला नसता. दुसरा एखादा माणूस म्हणाला असता की नंबर चुकला असेल. साळवींना ती सोय नव्हती. नंबर बरोबर होता, वर्तुळात पाच होते. म्हणजे फोन वाजतोय आणि दहापैकी एकही माणूस तो उचलू शकत नाही. ते कान लावून ऐकत होते आणि त्यांना मातीखाली वाजणारा फोन दिसत होता. उज्वलाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि दर वेळी फक्त "उचलला का हो?" एवढं विचारत होत्या.

मधे त्यांनी तालुक्याच्या मदत कक्षाला फोन लावला. तिथल्या माणसाने सगळं नीट लिहून घेतलं, पथक निघालेलंच आहे म्हणाला, पण पोलादपूरच्या पुढे दोन ठिकाणी रस्ता गाडला गेला होता, संध्याकाळच्या आत पोचणं कठीण. कुठल्या नंबरावरून फोन आला ते एक्सचेंजमधून काढता आलं असतं. पण एक्सचेंजमध्ये आता माणूस बसत नाही, हे साळवींइतकं कुणाला ठाऊक असणार. वाडी सोडून गेलेल्यांपैकी कुणाचा नंबर आहे का विचारलं, तर चांगूने नुसती मान हलवली. त्याने आयुष्यात कुणाचा नंबर पाठ केला नव्हता.

साळवींनी पुन्हा तोच नंबर फिरवला, आणि या वेळी तो उचलला गेला. एक बाई होती. सयाजी? इथे कुणी सयाजी नाही. मानसी? कोण मानसी? साळवींनी आवाज चढवला, खोटं बोलू नका म्हणाले, दरडीची गोष्ट सांगितली. बाई चिडली नाही, उलट बिचारी घाबरली. म्हणाली, "काका, मी चंद्रपूरहून बोलतेय. इकडे कडक ऊन पडलंय."

साळवींनी तिला तिचा नंबर म्हणायला लावला. तिने एकेक अंक सुटा करून म्हटला. वहीत लिहिलेलाच होता, अंकाला अंक तोच. ताळा पाच.

त्यांनी फोन ठेवला. बाई खोटी नव्हती. नंबर खरा होता, ताळा खरा होता, आणि तरी तो सयाजीचा नव्हता. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. की झालं होतं आणि कळलंच नव्हतं? हा विचार मनात आला आणि साळवींना स्वतःच्या वहीचीच भीती वाटली.

उज्वलाबाई जवळ आल्या. त्या अंगणवाडीत होत्या, गणिताशी त्यांचं नातं पोरांना शंभरपर्यंत मोजायला शिकवण्याएवढंच. पण लेकीचा स्वभाव त्यांना पाठ होता. "तिनं आणखी एक आकडा सांगितला ना हो? तुम्ही त्यावरनं चिडलात."

साळवी चिडले होते म्हणूनच तो आकडा राहिला होता. लिहिलेला नव्हता, पण राग आला की गोष्ट डोक्यात रुतते. अकराचा तीन, बाबा. तीनच ना? की तेरा? अकराची बाकी तेरा कशी असेल. तीनच.

त्यांनी वही पुढे ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा अकराचा ताळा काढायला घेतला. सगळा नंबर इथे देत नाही, तो अजून सयाजीच्या खिशात वाजतो. शेवटचे सहा अंक त्यांनी असे लिहिले होते: ४६, ८१, ५७. उजवीकडून सुरुवात केली, सातातून पाच वजा, एक मिळवला, आठ वजा, असं करत डावीकडे गेले. भीतीने दोनदा चुकले. पेन कागदावर ठरेना. चांगूने त्यांच्या मनगटाखाली आपला हात धरला आणि धरूनच ठेवला.

सात आले. मानसीने तीन सांगितले होते.

म्हणजे अंक तेच होते, म्हणून नवाचा ताळा गप्प बसला, आणि जागा चुकल्या होत्या, म्हणून अकराचा ओरडला. बारा वर्षांच्या पोरीने हेच सांगितलं होतं. आता साळवींचं डोकं चालायला लागलं. सातातून तीनावर यायचं म्हणजे चारचा फरक. शेजारचे दोन अंक जागा बदलतात तेव्हा बाकी त्यांच्या फरकाच्या दुपटीने हलते. म्हणजे चुकलेल्या जोडीत दोनचा फरक हवा, आणि त्यातला मोठा अंक उजवीकडे बसलेला हवा. त्यांनी सगळा नंबर पिंजून काढला. अशा जोड्या दोनच निघाल्या, सेहेचाळीस आणि सत्तावन्न.

तेव्हा चूक कशी झाली तेही उमगलं. आपल्याकडे चौसष्ट म्हणताना चार आधी येतो आणि साठ मागून. तोंडाने ते बरोबर चौसष्टच म्हणाले असतील, म्हणून पलीकडून मानसीने अडवलं नाही; पण घाईतल्या पेनाने ऐकू आलेला चार आधी लिहून टाकला. की ते पंच्याहत्तर होतं आणि पाच आधी लिहिले? दोन्ही होऊ शकत होतं.

त्यांनी आधी सत्तावन्नाचे पंच्याहत्तर करून नंबर फिरवला. फोन बंद असल्याची सूचना ऐकू आली. उज्वलाबाईंनी तोंडाला पदर लावला. बंद म्हणजे चुकीचा, की बंद म्हणजे सयाजीचा फोनही गेला? गेला असेल तर पुढे रस्ताच नव्हता. साळवींनी उरलेला नंबर फिरवायला बोट घातलं तेव्हा त्यांना मनापासून वाटलं की हा लावूच नये. लावला नाही तोवर एक आशा शिल्लक होती.

लावला. एकच घंटी वाजली.

"बाबा?"

चांगूने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"पोरी, मी चांगू, धारेच्या वाडीचा. भाईर ये आणि बघ, घराच्या डाव्या अंगाला पऱ्यात पानी हाय का?"

पाय वाजले. पावसाचा आवाज मोठा झाला. मग ती म्हणाली, "नाही काका. नुसते धोंडे आहेत. आणि गढूळ, थोडं थोडं, जमिनीतनं वर येतंय. पडवीत पण आलंय आता."

चांगूने डोळे मिटून घेतले. आवाज मात्र हलू दिला नाही. "सामान टाका. समद्यांना उठव. आंब्याखालून आडवी वाट हाय, ती धरा, वर नाय जायचं, खाली नाय, आडवंच. पऱ्या वलांडला का कातळ लागंल, कातळावर शाला हाय. माघारी बघू नका गो."

ती सयाजीला हाक मारत होती, कुणीतरी चपला शोधत होतं, एक म्हातारं माणूस एवढ्या पावसात कुठे जायचं म्हणून कुरकुरत होतं. चांगूने फोनमध्ये इतक्या मोठ्याने "उठा" म्हटलं की आळीतली माणसं दारात आली. मग लाइन गेली. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यानंतरचे दोन तास साळवी कधी कुणाला सांगत नाहीत. नंबर लावला की लागत नव्हता. उज्वलाबाईंनी भात टाकला आणि तो करपला, कुणी उठून उतरवला नाही. चांगू उंबऱ्यावर बसून राहिला. मुंबईला मुलाला फोन करायचा राहिला होता, ते ना त्याला आठवलं ना साळवींना. साळवींनी वही उघडली आणि मिटली, उघडली आणि मिटली. तीनशेवर नंबर होते तिच्यात. प्रत्येकापुढे वर्तुळ. फोन उचलत नाही म्हणून ज्या माणसांना त्यांनी मनातून काढून टाकलं होतं, तीही त्यात होती. पोलादपूरचा येसाजी होता, ज्याच्याशी त्यांनी नऊ वर्षं अबोला धरला होता, आपण लावला तरी हा उचलत नाही म्हणून. साळवी येसाजीच्या नंबराकडे बघत बसले. पुढे दुसरी बाकी लिहिलेली नव्हती, त्यामुळे तपासायला काही साधन नव्हतं.

सव्वातीनला फोन वाजला. साळवींनी तो उचलला.

"बाबा, शाळेत आहोत आम्ही," मानसी म्हणाली. "दहाच्या दहा. वाडीतले लोक आहेत इथे, चहा दिला त्यांनी."

साळवींनी मागे वळून उज्वलाबाईंकडे बघत होकाराची मान हलवली.

"बाबा, ती पडवी नाहीये आता. पाचसहा घरं नाहीत. आम्ही कातळावर चढलो आणि मागे आवाज झाला." ती शाळेतल्या मुलांना उदाहरण सांगावं तशी बोलत होती, एका सुरात, कुठेही न थांबता. सयाजींच्या फोनची बॅटरी संपली, म्हणाली. हा इथल्या बाईंचा फोन आहे, रात्रीपर्यंत चालेल, नंबर लिहून घ्या. तिने तो सांगितला, या वेळी एकेक अंक सुटा करून. साळवी लिहीत गेले.

"ताळा सात," ती म्हणाली, आणि थांबली. दमली असेल, किंवा कुणीतरी तिला हाक मारली असेल. किंवा वीस वर्षांच्या सवयीने तिला ठाऊक होतं की पुढचं कुणी लिहून घेत नाही.

साळवींनी सातभोवती वर्तुळ काढलं. मग त्याच्या शेजारी दुसरं, रिकामं.

"आणि अकराचा?" ते म्हणाले. "अकराचा सांग, बाळा. लिहून घेतोय."

मग दरडीत रडली नाही, वाटेत रडली नाही, घरं जाताना पाहूनही रडली नाही, ती पोरगी हुंदके देऊन रडायला लागली. साळवी पेन धरून थांबून राहिले.